उदबत्तीचं भोक

घरी पाहुणे आले की आमची थोरली हटकून म्हणते, “बाबा, ते माशीचं सांगा ना.” मग मी सांगतो, सगळे हसतात, मीही हसतो. आज लिहायलाच बसलोय तर सांगताना जे गाळतो तेही लिहून टाकतो.

लढाईच्या दिवसांत मी सांगलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात ट्रेसर म्हणून लागलो. नांगर, पंप, उसाचे चरक असं सगळं तिथं व्हायचं. कारखाना चांगलाच जुना. कशाबद्दलही ‘असं का?’ विचारलं, की उत्तर ठरलेलं असायचं, “थोरल्या मालकांच्या वेळेपासून असंच आहे.” पहिल्या आठवड्यात मी तीनदा विचारलं. नंतर विचारणं बंद केलं आणि माझं बरं चाललंय असं सगळ्यांचं मत झालं.

ट्रेसरचं काम म्हणजे गिरवणं. साहेब लोक कागदावर पेन्सिलीनं यंत्र काढत. त्यावर निळसर, खळ लावलेलं पारदर्शक कापड ताणून मी तेच शाईनं गिरवायचं. पहिलीत मी गिरवत होतो, आणि लग्न होऊन मुलगी झाली तरी गिरवतच होतो. आमच्या हेडसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “दिसेल ते काढायचं. समजेल ते नाही.” मला फारसं समजत नव्हतंच, त्यामुळे हा नियम मी मनापासून पाळला.

त्या लांबलचक खोलीत तीसेक उंच टेबलं एकामागोमाग होती. बोलायचं नाही, हात हलतो. प्रत्येकाला फक्त पुढच्याची मान दिसायची. माझ्या पुढच्या माणसाच्या मानेवर डावीकडे तीळ होता. तो तीळ मला अजून आठवतो. चेहरा विचाराल तर सांगता येणार नाही. फाटकावर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर आकडा, आणि हाक त्या आकड्यानंच. भोंगा झाला की शेकडो माणसं बाहेर पडत आणि फाटकापासून पन्नास पावलांवर मी एकटाच उरायचो. बाकीचे कुठल्या गल्लीत जिरायचे कोण जाणे.

मी सड्यांच्या, म्हणजे एकट्या पुरुषांच्या, चाळीत राहायचो. बायको आणि मुलगी कराडच्या पुढं सासुरवाडीला. माझे आईवडील गेलेले, दुसरीकडे ठेवायचं कुठं? कारखान्याची क्वार्टर मिळायची ती नोकरी कायम झालेल्यालाच, आणि माझं पत्र अजून यायचं होतं. तोवर मी रविवारी स्टेशनवर जाऊन साताऱ्याकडची गाडी बघून यायचो. एकदा स्टेशनमास्तरांनी विचारलं, “कुणी यायचंय का?” मी म्हटलं, “आज नाही.” पुढं त्यांनी विचारणं सोडलं.

बिघडलेलं ट्रेसिंगचं कापड गरम पाण्यात भिजवलं की खळ जाते आणि खाली सुरेख मलमल निघते. लढाईमुळे कापड मिळत नव्हतं, म्हणून हेडसाहेब तुकडे घरी न्यायला देत. मी ते धुऊन सासुरवाडीला पाठवायचो. बाप म्हणून मुलीला मी तेवढंच देत होतो.

त्या हिवाळ्यात आठ दिवसांची रजा मिळाली. कायमपणाचं पत्र महिनाभरात येणार हे कानावर आलं होतं, म्हणून मी जरा ताठ मानेनंच गेलो. दारात मुलगी उभी. अंगात माझ्याच मलमलचं झबलं, पाठीवर एका पंपाच्या पुसट रेघा. मला बघून ती आत पळाली आणि ओरडली, “आये, पाव्हनं आलं.”

सगळे हसले. मीही हसलो. ती पुढचे आठही दिवस मला पाव्हनंच म्हणत होती. सांगताना मी गाळतो ते हे.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं गुऱ्हाळावर नेलं. नवा चरक बसवला होता, आमच्याच कारखान्याचा. बैल फिरत होते, खाली बसून सासरे ऊस घालत होते आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून मुलगी उसाची टिपरी चोखत होती. चरकाच्या वरच्या लोखंडी पाटीवर हळदकुंकू होतं आणि कोपऱ्यात एक उदबत्ती उभी जळत होती.

“दाजी, तुमच्या कारखान्यात डोक्याची मानसं हायत बगा,” मेहुणा म्हणाला.

“का रे?”

“आवं, उदबत्तीला भोक ठिवलंय. जुन्या चरकाला न्हवतं. शेनाच्या गोळ्यात खवावी लागायची.”

“देवाधर्माची कंपनी हाय,” सासरे खालून म्हणाले. “आमचं जावाय त्यातलंच की.”

“त्यांचं काय सांगता आबा. ते नुसतं गिरवत्यात.”

मी वाकून पाहिलं. त्या पाटीचं चित्र मीच गिरवलेलं. बाकीच्या भोकांतून कुठं तेल जात होतं, कुठं बोल्ट. या भोकाला काही कामच नव्हतं. काकवीची वाटी हातात होती, ती तशीच राहिली. वजन पेलणाऱ्या पाटीला नको तिथं भोक. ती तडकली, तर खाली कोण बसलंय ते मला दिसत होतं.

निघताना बायको एवढंच म्हणाली, “खोलीचं कवा व्हतंय?”

“महिन्याभरात,” मी म्हणालो.

परत आल्यावर मूळ पेन्सिलीचा कागद मागवून घेतला. बारीक भोकं साहेब लोक नुसत्या टिंबानं दाखवत, टिंबाभोवती वर्तुळ आम्ही काढायचं. कोपऱ्यात टिंब होतं, पण त्याचा रंग तपकिरी. मी नखानं खरवडलं. टिंब सुटून नखात आलं. पेन्सिल अशी सुटत नाही. ती माशीची घाण होती आणि मी तिच्याभोवती कंपासनं सुबक वर्तुळ काढलं होतं.

मग लक्षात आलं, की माशीविरुद्धचा एकमेव पुरावा आता माझ्या नखात होता.

दोन दिवस मी गप्प राहिलो. बोलावं तरी कुणाशी? त्या तिळाशी? गप्प राहिलं तर पत्र येणार, क्वार्टर मिळणार, मुलगी येणार. पण शाईत पेन बुडवलं की सासऱ्यांच्या गुडघ्याला टेकलेली ती दिसायची. तिसऱ्या दिवशी मी हेडसाहेबांपुढं उभा राहिलो.

“माशी?” ते म्हणाले.

“हो साहेब.”

“कुठं आहे?”

“खरवडली.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं दोन चौकटी होत्या. ‘गिरवले’पुढं माझी आद्याक्षरं, ‘तपासले’पुढं त्यांची सही.

“दोन माणसांनी पाहिली म्हणायची ही माशी,” ते म्हणाले. “नोंद केली तर तुमचं पत्र एक वर्ष पुढं जाईल. नियम आहे. करायची?”

“पाटी तडकेल का साहेब?”

“पाहावं लागेल. पाहायचं तर नोंद करावी लागेल.”

“करा,” मी म्हणालो. फार धीरानं म्हणालो असं घरी सांगतो. खरं म्हणजे आवाज निघाला नव्हता; त्यांनी ओठांवरून ओळखलं.

पाटीवर वजनं टाकून पाहिली. ती ढिम्म हलली नाही. भोक अगदी निरुपद्रवी निघालं, माझ्यासारखंच. पण नोंद झाली होती. चित्रातलं भोक खोडलं आणि माझं पत्र वर्षभर पुढं गेलं.

‘कारखान्याच्या अडचणीमुळे’ असं मी घरी कळवलं. माशी लिहवेना. बायकोनं भावाकडून उलट टपाली लिहवलं, ‘हिकडं समदं ठीक हाय, काळजी करू नये.’ ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. त्या वर्षी मी एकही गाडी चुकवली नाही.

पुढच्या हंगामात बिनभोकाचे चरक गेले आणि पत्रं सुरू झाली. कराडकडून, वाळव्याकडून, कृष्णाकाठच्या गावागावांतून. सगळ्यांचं म्हणणं एकच, औंदा उदबत्तीचं भोक का दिलं नाही? कारखाना खालावला का? एकानं तर चरक परत न्या म्हणून लिहिलं. मालकांनी पत्रं हेडसाहेबांकडे पाठवली आणि हेडसाहेबांनी कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्याच जागी पेन्सिलीचं टिंब होतं आणि शेजारी लिहिलं होतं, ‘छिद्र, उदबत्तीसाठी.’

“दिसेल ते काढा,” ते म्हणाले आणि पाठ फिरवून निघाले. जाताना त्यांचे खांदे हलत होते. मलाही हसायचं होतं, पण पुढं ती मान होती. मी एकट्यानं ते वर्तुळ काढलं. इतकं नीट वर्तुळ मी पुन्हा काढलेलं नाही.

वर्ष भरलं, क्वार्टर मिळाली, दोघी आल्या. मुलगी आता पाच वर्षांची. नळ तिला आवडला. मलाही तिनं चालवून घेतलं. खंडेनवमीला कारखाना घरच्या माणसांना उघडा असायचा. यंत्रांना झेंडूच्या माळा, सगळीकडे धूप. माझं बोट न धरता ती पुढं चालत होती. अंगणात नवा चरक पूजेला मांडलेला दिसला, तशी तिनं आईच्या हातातली उदबत्ती घेतली, टाचा उंचावल्या आणि न शोधता भोकात खोवली.

“पाव्हनं,” ती म्हणाली, “हे भोक कुनी केलं?”

ऐकू जाईल इतक्या जवळ कारखान्यातलं कुणी नव्हतं. “मी,” मी म्हणालो.

तिनं चरकाकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच जरा निरखून माझ्याकडे.

“आन् बाकीचं?”

“बाकीचं कारखान्यानं,” मी म्हणालो.

तिला ते पटलं. पुढच्या यंत्राकडे जाताना तिनं माझं बोट धरलं, बहुतेक तिकडे गर्दी होती म्हणून.