साडेतीन सेंटिमीटरची बाजू

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, अगदी डायरीतसुद्धा नाही. आता लिहून काढतेय, कारण उद्या हे मला एका मैत्रिणीला समोर बसून सांगायचंय, आणि मी स्वतःला ओळखते — समोर माणूस आला की माझे शब्द आतच राहतात. आधी तुम्हाला सांगते. मग मागे फिरणं थोडं कठीण होईल.

गोष्ट त्रिकोण काढण्याची आहे. हसू आलं का? मलाही कितीतरी वर्षं वाटत होतं, एवढंसं तर आहे.

आठवीत होते. मुलुंडची आमची इंग्रजी माध्यमाची शाळा. गणितात बऱ्या असणाऱ्या आठ जणांना मिस शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायच्या. त्यात मी होते आणि माझ्या बाकावर प्रणाली होती. ती सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, भांडुपहून यायची. आर्कला कंस म्हणायची, कंपासला कर्कटक, आणि मुलं खिदळायची. पण तिची आकृती बघत राहावी अशी असायची. पेन्सिलला टोक काढून, पट्टीवर कर्कटक दोनदा मोजून, मगच कागदाला हात लावायची.

आणि मी? माझे आर्क नेहमी घसरायचे. म्हणून मी एक पद्धत शोधली होती. आधी पट्टी फिरवत फिरवत अंदाजाने त्रिकोण काढायचा. तो झाला की कंपासचं टोक पायाच्या एका कोपऱ्यावर ठेवायचं, पेन्सिल वरच्या टोकापर्यंत उघडायची आणि तिथे छोटासा आर्क मारायचा. मग दुसऱ्या कोपऱ्यावरून तसंच. आर्क छान एकमेकांना छेदायचे — छेदणारच, मी ते नंतर काढलेले असायचे. मिस फक्त आर्क आहेत का ते बघायच्या. मोजायच्या नाहीत.

त्या दिवशी मिसनी फळ्यावर तीन बाजू लिहिल्या. नऊ, पाच आणि साडेतीन सेंटिमीटर.

तुम्हाला कळलंच असेल. पाच आणि साडेतीन, साडेआठ. नऊच्या पायावर हा त्रिकोण होऊच शकत नाही, दोन्ही कंस एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. पट्टीनेही बाजू जुळेनात, तेव्हा मी काय केलं? छोटी बाजू लांबवली. साडेचार झाली. तिच्याशेजारी नीट अक्षरात साडेतीन लिहिलं आणि आर्क मारून वही मिटली. माझ्याकडून चुकून झालं नाही हे. पट्टी हातात होती.

बाकीचे अजून आधीच्याच गणितावर होते, तास संपेपर्यंत तिथेच राहिले. प्रणाली उभी राहिली.

"मिस, हा होतच नाहीये. तीन वेळा केला. कंस भेटत नाहीत."

"होत नाही कसा? पेन्सिलला टोक कर आधी." मिसनी माझी वही उचलली, उघडून सगळ्यांना दाखवली. "मग हिचा कसा झाला?"

मागून कोणीतरी म्हणालं, "प्रणालीचा त्रिकोण उघडाच राहिला रे!" सगळे हसले. मी हसले का? नाही. पण मान खाली घालून बसणं त्याहून बरं होतं, असं मला म्हणता येत नाही.

तास संपल्यावर तिने मला हळूच विचारलं, "खरंच भेटले गं तुझे?"

मी म्हणाले, "हो."

तेवढ्यावरही थांबले नाही. "तुझं कर्कटक ढिलं असेल, माझं घेऊन बघ," असं म्हणाले. ती माझा कंपास घेऊन शाळेच्या पायरीवर बसली. तिची बस गेली. कागदाला भोकं पडेपर्यंत तेच ते काढत राहिली आणि मी शेजारी उभी राहून बघत राहिले. कशी बघू शकले मी? याचं उत्तर मी शोधत नाही. बघितलं, एवढं खरं आहे.

घरी येऊन पुस्तक उघडलं. त्यात साडेपाच होतं. मिसनी फळ्यावर चुकून साडेतीन लिहिलं होतं. म्हणजे त्याच संध्याकाळी मला सगळं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी एक वाक्य पुरलं असतं. पण मग माझी वही पट्टी लावून मोजली गेली असती. मी पुस्तक मिटून दप्तरात टाकलं.

पुढच्या आठवड्यात मिसनी प्रणालीला त्या बॅचमधून काढलं. "कन्स्ट्रक्शन कच्चं आहे," म्हणाल्या. दहावीपर्यंत तिने मोजणंही सोडलं होतं, आकृत्या माझ्या वहीतून उतरवायची. माझ्या वहीतून.

आमची मैत्री टिकली, हे सगळ्यात वाईट. प्रणाली आता घाटकोपरला किचन ट्रॉल्यांच्या दुकानात काम करते. ओटा नुसता बघून माप सांगते, फार तर दोन-चार मिलिमीटरचा फरक. मालक तिला म्हणतोय, इंटिरिअरचा संध्याकाळचा डिप्लोमा कर, मग डिझाइनचं काम तुलाच देतो. तिला ते हवंय, डोळ्यांत दिसतं. पण प्रवेशपरीक्षेत भूमितीच्या आकृत्या आहेत. मागच्या रविवारी दुकान सुटल्यावर माझ्याकडे चहा पिताना तिने तो फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला. अर्धं घरच्या मालवणीत म्हणाली, "जॉमेट्री? माका नाय जमाचा गो ता. आठवतंय ना, साधा त्रिकोण नव्हता झाला माझा. तुझा झालेला." आणि हसली.

मी तिच्या कपात अजून चहा ओतला.

फॉर्मची मुदत शनिवारी संपतेय. उद्या शुक्रवार, तिची सुट्टी. मी ऑफिसला रजा टाकली आहे. सकाळी दहाला भांडुपला तिच्या घरी येते, असं कळवलंय. "काय गं, लग्न ठरलं की काय?" असं तिचं उत्तर आलंय.

तेव्हा लहान होते, असं मी म्हणणार नाही. मिसची चूक होती, असंही नाही. माफ कर म्हणाले, तर माझी समजूत काढायचं कामही तिच्याच गळ्यात पडेल. म्हणून तेही नाही. तिला एवढंच सांगणार आहे, की तो त्रिकोण होणारच नव्हता. तू बरोबर होतीस. माझा खोटा होता आणि मला ते माहीत होतं.

मग ती जे बोलेल ते बसून ऐकेन. तिने दार दाखवलं तर उठेन. फॉर्म भरायचा की नाही हे तिचं ती ठरवेल, पण ठरवताना तिच्याकडे खरं माप असेल.