लेस्टरमधली भरती

रत्नागिरीच्या स्थानकावरून मुंबईची एस.टी. सकाळी साडेसातला सुटणार होती. टपावर माझी पेटी चढली होती, मांडीवर आईने दिलेला तळलेल्या गऱ्यांचा डबा होता, आणि खिडकीखाली माझे वडील, आप्पा, उभे होते. परीटघडीचं धोतर, काळी टोपी आणि हात पाठीमागे, वर्गात उभे राहत तसेच. आईचं सगळं सांगून झालं होतं. थंडी, दूध, तिकडे मासळी मिळते की नाही, या सगळ्या शंका तिने काढल्या होत्या. आप्पांनी मात्र एकच प्रश्न विचारला.

"काय गो, आज तिथी कोणती?"

"दशमी."

"दहा पाऊण?"

"साडेसात."

"म्हणजे आत्ता खाडी काठोकाठ असेल. भरतीला निघत्येस. जा."

ज्यांनी किनारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे भरतीची वेळ घड्याळ सांगत नाही, तिथी सांगते. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. तितक्या वाजता पाणी भरतं. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. आप्पा खाडीपलीकडच्या शाळेत मास्तर होते आणि तेव्हा पूल नव्हता. रोज तरीने, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीने, ते जात. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की ही तर चिखलात रुतायची आणि शाळेची घंटा तिकडे वाजून जायची. म्हणून आमच्या घरात पाऊणकी हा पाढा नव्हता, तो दिनक्रम होता. संध्याकाळी दिवा लागला की शुभंकरोतीनंतर पाऊणकी म्हणायची, आणि अडखळलं की पहिल्यापासून. "सुकतीला हट्ट करू नये," हे आप्पांचं आणखी एक वाक्य. ते खाडीबद्दल असे, आणि बहुतेक वेळा खाडीबद्दल नसेही.

लग्न करून मी इंग्लंडातल्या ज्या गावी आले त्या लेस्टरपासून समुद्र कोणत्याही दिशेला दूरच आहे. माझे यजमान श्रीकांत इथल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करतात. मी मराठीची एम.ए., विशेष अभ्यास काव्याचा. इथे त्या पदवीचा कागद ज्याला ज्याला दाखवला त्याने तो आदराने उलटसुलट पाहून परत दिला. मग मी मोज्यांच्या कारखान्यात लागले. चार वर्षं मोजे जोडीने लावले, पेट्यांत भरले. लोकरीचा तो कोमट, किंचित जळकट वास अजून माझ्या जुन्या कोटाला आहे. त्या कामाची मला लाज नाही. पण हात भरलेले असत आणि जीभ रिकामी.

श्रीकांतने एकदा घरगुती संगणक आणला. इवलासा, रबरी कळांचा. पडदा म्हणजे घरातला टीव्ही, आणि स्मरण साठवायला साधी कॅसेट. त्याने तो हिशेबासाठी आणला होता. मी त्याच्याकडे वळले ती मात्र वेगळ्याच ओढीने. या यंत्रात जागा फार थोडी, शब्द मोजके, एक चिन्ह चुकलं की सगळी ओळ कोसळते. मला हे ओळखीचं वाटलं. शार्दूलविक्रीडिताची एकोणीस अक्षरं जिने बोटांवर मोजली आहेत, तिला अशा कोंडीत श्वास घेता येतो. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मी त्या यंत्राची भाषा शिकले, आणि एक दिवस श्रीकांतला म्हटलं, मला खेळ लिहायचा आहे, माझा, एकटीचा. त्याने विचार केला आणि म्हणाला, एक वर्ष. मी घर चालवतो. वर्षाअखेर खेळ पुरा झाला नाही, किंवा लोकांना खेळता आला नाही, तर मी मुकाट्याने मोज्यांकडे परत जायचं. मी हो म्हटलं.

खेळाचं नाव मी 'खाडी' ठेवलं. एक मास्तर, एक तर, पलीकडे शाळा. प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा दिवस, रोज घंटेच्या आत पाट्यांची पेटी पलीकडे न्यायची. यंत्राकडे रंग आठच होते आणि खाडीचा रंग त्यांत नव्हता. हिरव्या-काळ्या ठिपक्यांची वीण घालत मी तीन आठवडे घालवले, तेव्हा कुठे तो शेवाळी, जड, पोटात आभाळ घेतलेला रंग टीव्हीवर उतरला. जांभ्याचा धक्का लाल ठिपक्यांचा. आणि पाणी? भरतीचं कोष्टक घालायला जागा उरली नव्हती. मी एका ओळीत तिथीची पाऊणपट लिहिली. पंधरा दिवसांची खाडी त्या एका ओळीवर भरू लागली, ओसरू लागली. आप्पांचा पाढा परदेशी टीव्हीत खळखळताना पाहून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

दहाव्या महिन्यात खेळ पुरा झाला. मी शेजारच्या एडनाबाईंना बोलावलं. कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या त्या विधवा बाई; मला 'माझ्या बदका' म्हणतात, इकडची ती लाडाची हाक आहे. त्यांनी कळ दाबली आणि होडी थेट चिखलात घातली. पुन्हा, आणि पुन्हा. नवव्या वेळी चष्मा काढून म्हणाल्या, "बदका, तुझी होडी मोडकी आहे."

मी म्हटलं, वर चंद्र आहे की.

"आहे. छान काढलायस. त्याचं काय?"

चंद्राकडे पाहिलं की पाणी कळतं, हे कुणाला सांगावं लागतं याची मला कल्पनाच नव्हती. दहा महिने मी एक खेळ लिहिला होता आणि तो फक्त आमच्या खाडीकाठच्या माणसांना खेळता येणार होता, ज्यांच्या घरी संगणक नव्हते.

मँचेस्टरजवळच्या एका प्रकाशकाला मी तो आधीच पाठवला होता. त्यांचा फोन आला. सौम्य गृहस्थ होते. चित्रं त्यांना आवडली होती. पण थांबून राहण्यात कसली गंमत, असं त्यांचं म्हणणं. पाण्यात मगरी घाला, मास्तरांच्या हाती बंदूक द्या, आम्ही छापतो. वर्ष संपायला सहा आठवडे उरले होते. श्रीकांत म्हणाला, घाल ना एखादी मगर, छोटीशी. तो माझ्याच बाजूने बोलत होता, हे मला कळत होतं. मी दोन दिवस मगर काढून पाहिली. चांगली जमली होती. तिसऱ्या दिवशी पुसली. वृत्तात यती असते. तिथे थांबलं नाही तर ओळ मोडते. माझ्या खेळात ती यती हीच गोष्ट होती.

सगळं आप्पांना लिहिलं. त्यांचं उत्तर दोन आठवड्यांनी विमानपत्राने आलं, टपोऱ्या अक्षरात. प्रकृती, कलमांचा मोहोर, आणि मग: "पहिलीच्या पोरांना मी पाऊणकी कधी वर्गात शिकवली नाही. आधी धक्क्यावर नेऊन बसवीत असे. पाणी बघा म्हणे. आकडा मागाहून. तू आकडा आधी दिलास."

आकडाही नव्हता दिला, आप्पा. नुसता चंद्र दिला होता.

उरलेल्या दिवसांत मी खेळाच्या आधी एक दृश्य बसवलं. जागेसाठी धक्क्यावरची माणसं काढली, एक माड काढला. या दृश्यात कुठलीच कळ चालत नाही. खेळणारा धक्क्यावर बसतो. कोपऱ्यातला चंद्र कोरीपासून पौर्णिमेपर्यंत भरत जातो, आणि रोज पाणी थोडं उशिरा चढतं, थोडं उशिरा उतरतं. मिनिटभर, बस्स.

एडनाबाई पुन्हा आल्या. पहिल्यांदा कळा बडवल्या, मग कंटाळून हात मांडीवर ठेवले. चहा गार होत गेला. एकदा दृश्य संपलं, त्यांनी ते परत लावायला सांगितलं. मग खेळ सुरू झाला तेव्हा त्यांनी कळेला हातच लावला नाही. वर चंद्राकडे पाहत बसल्या. चिखलावर पाणी चढलं, होडी हलली, आणि त्यांनी एका बोटाने ती अलगद पलीकडे नेली. शाळेची घंटा वाजली.

"थांबायचं होतं होय," त्या म्हणाल्या. "मग तसंच राहू दे. मगरबिगर काही नको."

मँचेस्टरला मी नम्र नकार कळवला. कॅसेटच्या प्रती घरीच काढल्या, वेष्टनं स्वतः दुमडली, एका मासिकात मागच्या पानावर चार ओळींची जाहिरात दिली. आता रोज सकाळी टपालात खेळाची मागणी करणारी पत्रं असतात. कॉर्नवॉलच्या एका बंदरातून एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या नवऱ्याला खेळबीळ आवडत नाहीत, पण तो धक्क्यावरचं दृश्य लावून बसतो. श्रीकांतने ते पत्र फ्रिजच्या दारावर चिकटवलं आहे. मोज्यांच्या कारखान्याचा विषय आमच्या घरात आता निघत नाही.

पहिली प्रत मी रत्नागिरीला पाठवली होती. तिथे संगणक नाही, हे ठाऊक होतं. नुसती हातात घ्यावी एवढीच इच्छा. पण मास्तरांना कॅसेट दिली की ते काय करणार? त्यांनी शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणला, टोपी घातली आणि बसले. संगणकाची कॅसेट अशी लावली तर गाणं नव्हे, नुसती कर्कश किंकाळी ऐकू येते, करवतीने पत्रा कापावा तशी. आईने लिहिलंय की कुत्रं परसात पळालं, ती स्वतः कानांवर हात ठेवून माजघरात गेली. आप्पा मात्र पाचही मिनिटं ताठ बसून होते.

त्याच पत्राच्या तळाशी त्यांच्या टपोऱ्या अक्षरात दोन ओळी आहेत: "सर्व ऐकले. अर्थ कळला नाही. परंतु पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही अडखळली नाहीस."

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर कुठे आहे असं मला आता कुणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगत नाही. आज सकाळी वेष्टनं दुमडताना भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नजर गेली. षष्ठी. सहा पाऊण साडेचार. खिडकीबाहेर ओल्या विटांच्या भिंती होत्या, दूधवाल्याची गाडी होती, आणि मैलोन् मैल पाण्याचा मागमूस नव्हता. मी हात पुसले आणि साडेचारची वाट पाहू लागले.