शाळेवरचा कोंबडा, गिरणीवरचा कोंबडा

नणंदेचं कौतुक करणारी भावजय म्हणजे उंबराचं फूल. असू दे. माझ्या वन्सं पत्र्याचे कोंबडे करतात, छपरावर बसून वारा कुठून येतोय ते दाखवणारे. तोंड वाऱ्याकडे, शेपटी रुंद, फुंकर मारली तरी वळेल असा कोंबडा त्यांच्याशिवाय पंचक्रोशीत कुणाला जमत नाही.

कारखाना मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. गोठ्यामागची एक खोली, भट्टी, ऐरण आणि भिंतभर कात्र्या. तिथली रीत अशी, की उस्तादाने हात पुढे करायचा आणि बाकीच्यांनी हत्यार द्यायचं. मामंजींनी जन्मात कुणाला हातोडी उचलून दिली नाही. वन्सं केस पिकेपर्यंत देत राहिल्या. मामंजींचे हात थरथरायला लागले तेव्हा ते म्हणाले, "गिरणीवरचा कोंबडा तू कर. नीट फिरला तर किल्ली तुझी. नाहीतर कारखान्याला कुलूप."

कुलूप म्हणे! माझं डोकंच फिरलं. वन्सं मात्र गालातल्या गालात हसल्या.

कोंबडा गिरणीवर चढला आणि झालं! मामंजींचा शाळेवरचा कोंबडा डोंगराकडे बघतोय, दवाखान्यावरचाही डोंगराकडे, आणि वन्संचा एकटा नदीकडे. लोक फिदीफिदी हसायला लागले.

"चुकलीस, पोरी," म्हणत मामंजींनी किल्ली खिशात टाकली.

माझ्या तोंडाला कुठलं कुलूप? "मामंजी, दवाखान्याच्या दोरीवरच्या चादरी बघा! डोंगराकडे उडतायत. म्हणजे वारा नदीकडूनच ना?"

वन्सं शिडी लावून शाळेच्या ठेंगण्या छपरावर चढल्या. मामंजी दर वर्षी आपल्या कोंबड्यांना स्वतः रंग देतात. यंदा थरथरत्या हाताने दिलेला रंग दांड्याच्या सांध्यात ओघळून वाळला होता. रंग दिला त्या दिवशी वारा डोंगराकडून होता, दोन्ही कोंबडे तसेच चिकटले.

वन्संनी चाकूने रंग खरवडला. कोंबडा कुरकुरला, डुगडुगला आणि वळून नदीकडे बघायला लागला.

मामंजींचं तोंड एवढंसं झालं. मलाच वाईट वाटलं.

"बाबा, कोंबडा तुमचा झकास आहे," वन्सं वरून म्हणाल्या. "रंगच जरा जास्त मायेने लागलाय."

मामंजींनी किल्ली काढली. "खाली ये. घे."

"किल्ली काय पळून जाते? आधी तेल हवंय." वन्संनी हात पुढे केला.

मी तेलाची कुपी घ्यायला धावले. मामंजींनी मला हाताने अडवलं. कुपी स्वतः उचलली, शिडीवर चढले आणि लेकीच्या हातात दिली.