कंडेन्सरच्या खोलीतला ढोल

वांडा गँकार्झला नवं संगीत आवडत नाही, हे आमच्या म्युझियमच्या भिंतींनाही ठाऊक आहे. दर जुलैत तीन आठवडे देशभरातली पोरंपोरी संगीताच्या उत्सवाला इथे येतात, चित्रांच्या मधोमध खुर्च्या मांडतात आणि भर दुपारी व्हायोलिनच्या पाठीवर नखं घासतात. वांडा गार्डच्या निळ्या कोटात कोपऱ्यात उभी असते, चेहरा नासलेलं दूध प्यायल्यासारखा. "लाशान्स, यांना घरी कुणी रागावत नाही का रे?" असं ती मला दरवर्षी विचारते. पण एखाद्या पोराला ऊन लागलं, तर पाण्याची बाटली आणि सँडविच तिच्याच पिशवीतून निघतं.

आम्ही अकरा वर्षं बरोबरीनं गार्डचं काम करतोय आणि त्यातला निम्मा काळ भांडण्यात गेलाय. तरी सांगतो, या बाईएवढी ही इमारत कुणालाच कळलेली नाही. अठराव्या वर्षी ती इथे कामाला लागली, तेव्हा इथे रेडिओत लागणारे कंडेन्सर बनायचे. एकोणीस वर्षं तिनं कागदाएवढी पातळ फॉइल गुंडाळली. मग कारखाना बंद पडला, गाव ओस पडलं, आणि बऱ्याच वर्षांनी त्याच भिंतींत म्युझियम उघडलं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "इमारतीची काही माहिती आहे?" वांडा म्हणाली, "कुठला नळ गळतो, ते तुमच्याआधीपासून माहीत आहे." वरच्या मोठ्या दालनाला ती अजून 'गुंडाळणी'च म्हणते.

गेल्या जुलैत त्याच दालनात इमानी व्हिटलॉक नावाच्या पोरीचं वादन ठरलं होतं. सव्वीस वर्षांची, डेट्रॉइटची. चौतीस मिनिटांची रचना, मधोमध एक अवाढव्य ढोल, वाजवणार ती स्वतः. वर्षभर खपून तिनं ती खास या दालनासाठी लिहिली होती आणि वाजणार होती एकदाच, त्या दुपारी.

सकाळी तालमीत ढोलावर पहिली थाप पडली आणि छताला टांगलेल्या कलाकृतीतली काचेची दोनशे पानं कपाटातल्या कपबश्यांसारखी किणकिणली. कलाकृतींची निगा राखणारा प्रेंटिस धावत आला. "बंद करा! एक जरी पान पडलं तर?" दुसरं दालन रिकामं नव्हतं. इमानी ढोलाच्या पेटीवर बसून रडायला लागली.

"जाऊ दे पोरी, पुढच्या वर्षी ये," मी म्हणालो.

"तू तोंड बंद ठेव, लाशान्स," वांडा म्हणाली. ती खांब मोजत दालनाच्या पार टोकाला गेली आणि बुटाची टाच आपटली. "ढोल इथे आणा. सातव्या आणि आठव्या खांबांच्या मधे."

"तिथे काय आहे?" प्रेंटिसनं विचारलं.

"तिथे आम्ही बसायचो. खाली दाबयंत्रं धडधडायची, वर आमची फॉइल फाटायची. शेवटी आम्ही चाळीस बायकांनी काम थांबवलं. मग त्यांनी एवढ्या तुकड्याला वेगळे खांब देऊन वेगळी जमीन घातली. बाकीच्या जमिनीपासून बोटभर फट आहे, वरून फळी मारलीय."

"नकाशात असं काहीच नाही."

"नकाशा काढणारे तिथे बसत नव्हते."

ढोल हलवला. थाप पडली. पानं गप्प. प्रेंटिसचं तरी समाधान होईना. शेवटाला वादन याहून कितीतरी जोरात होणार होतं. त्यानं अट घातली: वांडानं समोर उभं राहून पानांवर नजर ठेवायची, एक पान हललं की हात वर, आणि वादन तिथेच थांबवायचं. "आणि काही पडलं तर?" त्यानं विचारलं.

"तर हा कोट उद्या तुमच्या टेबलावर," वांडा म्हणाली.

दुपारी दालन खचाखच भरलं. सगळ्यांची तोंडं ढोलाकडे, वांडाची पाठ. मी वादन ऐकलं असं म्हणणार नाही. मी तिचे हात बघत होतो. शेवटाला ढोल असा घुमला, की माझे दात हलले. तिचा उजवा हात वर आला. इमानीनं तो बघितला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. वांडानं कपाळावरचा घाम पुसला आणि हात पुन्हा पाठीमागे नेला.

टाळ्या चालू असतानाच इमानी तिच्याकडे धावली. "कसं वाटलं तुम्हाला?"

"देव जाणे. मी कुठे ऐकलं? पान हललं नाही, एवढं छातीठोक सांगते."

लोक निघाले होते. इमानीनं वादकांना पुन्हा बसवलं आणि ढोलाशेजारी एक खुर्ची ठेवली. "शेवटचा भाग परत वाजवतो. आता तुम्ही ऐका."

"गार्डला ड्युटीवर बसता येत नाही."

"ड्युटी माझी," मी म्हणालो. आणि प्रेंटिस, ज्याच्या नावानं मी सकाळपासून खडे फोडत होतो, तो पानांसमोर जाऊन उभा राहिला.

वांडा बसली. तिनं पाय जुळवून जमिनीवर घट्ट टेकवले, कामावर बसल्यासारखे. पहिल्या चार थापा तिनं मान खाली घालून ऐकल्या. मग तिनं इमानीला थांबवलं.

"बिचकत काय वाजवतेस?" ती म्हणाली. "आणखी जोरात वाजव. ही जमीन आम्ही भांडून घेतलीय."