सात पोलांचं अंतर

हेमकांत वायरमन आहे. शहादा तालुक्यातल्या चार गावांच्या तारा त्याच्याकडे, आणि म्हणून चार गावांच्या शिव्याही त्याच्याकडेच. ऐन केळीला पाणी द्यायच्या वेळी लाइट गेली की लोक आधी त्याच्या नावाने बोटं मोडतात, मग त्याला फोन लावतात. वीस वर्षांत त्याने सगळं शिवार पायांखाली घातलं आहे. त्याला अंतर विचारा, मीटर-किलोमीटर काही सांगणार नाही. 'नाल्यापासून चौथा पोल' एवढंच सांगेल. आता गावालाही तीच सवय लागली आहे. बोअर कुठे, पोलावरून. शेळी कुठे सापडली, तेही पोलावरून.

एवढं फिरणाऱ्या माणसाला जनावरं दिसतातच. बाकीचे बघतात आणि विसरतात, हेमकांतला मात्र ते जमेना. तारेवर बसलेला निळा चास पक्षी, कपाशीतून मान वर काढणारी नीलगाय, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत घर करणारं मुंगूस, सगळं त्याला जपून ठेवावंसं वाटायचं. त्याने कॅमेरा घेतला. त्यासोबत मिळालेल्या लेन्समध्ये चास साबुदाण्याएवढा यायचा. त्याची बायको चारुलता फोटो डोळ्यांजवळ नेऊन अहिराणीत विचारायची, "हाऊ पक्षी शे का काचवरला डाग?"

मग मोठी लेन्स घ्यायचं ठरलं. ठरवायलाच सहा महिने गेले. लग्नासाठी मुलगी बघताना त्याने एवढा घोळ घातला नव्हता, असं चारुलता अजून सांगते. सुरतच्या दुकानदाराने त्याच्यापुढे सहाशे मिलिमीटरची पांढरी भलीमोठी लेन्स ठेवली. चित्र लख्ख, उजेड भरपूर. माणूस बघूनच पाघळावा. पण हेमकांतने ती डोळ्याला लावली आणि एक फ्यूज बांधायला लागतो तेवढा वेळ तशीच धरली. वजनाने हात भरून आले तशी त्याने ती परत ठेवली. शिवाय ती होती सहाशेलाच खिळलेली. जनावर जवळ आलं तर नुसता कान मिळणार, आणि बांधावर बसलेल्या माणसाने मागे तरी कुठे सरकायचं? मागे उसाची भिंत. म्हणून त्याने दीडशे ते सहाशेपर्यंत मागेपुढे होणारी, जुनी पण नीट वापरलेली झूम लेन्स पसंत केली. त्या दिवशी तो फार शहाण्यासारखा वागला, यात शंका नाही.

पुढचं शहाणपण चुका करून आलं. सहाशेला श्वाससुद्धा फोटोत हलतो, म्हणून शटरचा वेग हजाराच्या खाली न्यायचा नाही. बांधावर कॅमेऱ्याची तिवई उभी राहत नाही, म्हणून जुन्या जीन्सच्या एका पायात हरभरे भरून, दोन्ही तोंडं शिवून त्याने उशी केली आणि लेन्स तिच्यावर टेकवायला लागला. हरभऱ्याचा डबा अर्धा रिकामा का झाला, ते चारुलताला बऱ्याच दिवसांनी कळलं. सकाळी नऊनंतर जमिनीवरची हवा उकळायला लागते, तेव्हा लांबचे फोटो काढू नयेत, हेही तो शिकला. एकच गोष्ट त्याला कोणी शिकवली नव्हती आणि तीच अंगाशी आली.

डिसेंबर होता, ऊसतोड चालू होती. तोडलेल्या उसातून बिबट्या हलल्याची कुजबुज होती. एका सकाळी हेमकांत उजाडायच्या आत गोमाई नदीला मिळणाऱ्या नाल्याजवळ जाऊन बांधावर पालथा पडला. समोर पोलांची सरळ रांग, आणि रांगेच्या पार टोकाला शेतातलं कौसाबाईंचं निळ्या दाराचं घर. ऊन कोवळं झालं आणि पहिल्या पोलाशी बिबट्या येऊन उभा राहिला. त्याने मान वळवून थेट हेमकांतकडे पाहिलं. हेमकांतने चार वेळा बटण दाबलं आणि बिबट्या नाल्यात उतरून गेला. हेमकांत तसाच पडून राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांचा माणूस नव्हे, चाळिशी ओलांडलेला वायरमन आनंदाने रडत होता.

आनंदात माणूस जे करतो तेच त्याने केलं. फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

दुपारपर्यंत गाव ढवळून निघालं. फोटोत बिबट्या उभा होता तो कौसाबाईंच्या अंगणात. मागे निळं दार, आणि बिबट्या त्या दाराएवढाच उंच. एवढा मोठा बिबट्या असतो का, हा प्रश्न एकालाही पडला नाही. उलट 'वाघच असेल' म्हणणारे दोघे निघाले. लोकांनी सवयीप्रमाणे पोल मोजले. फोटोत पोल एकच होता. म्हणजे एका पोलावर बिबट्या, आणि तिथेच घर. हिशेब संपला.

"तुम्ही बिबट्याले जिजीना ओटावर बसाडी दिन्हा," चारुलता म्हणाली. कौसाबाईंना सगळं गाव जिजी म्हणतं. "आते ती म्हातारी तठे कशी ऱ्हाई?"

हेमकांतने फोटो पुन्हा पाहिला आणि चूक कुठे झाली ते त्याला कळलं. लांबची लेन्स मधली जमीन गिळून टाकते. लांबचं घर ओढून जवळच्या जनावराला चिकटवते. सरळ रांगेत असले की मागचे सगळे पोल पुढच्या एका पोलाआड दडतात. ज्याला प्रत्येक पोल नंबरानिशी पाठ, त्याच्याच फोटोतून सहा पोल गायब झाले होते. त्याने ग्रुपवर लिहिलं, 'बिबट्या घरापासून लांब होता.' खाली उत्तर आलं, 'भाऊ, डोळे आहेत आम्हाला.'

फोटो सुरतेत चंदनकडेही पोचला. चंदन हा कौसाबाईंचा एकुलता मुलगा, तिकडे कापड मार्केटमध्ये कामाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर. आईला घेऊन जायचं, शेत वाट्याने द्यायचं, घराला कुलूप. हेमकांत धावत गेला तेव्हा कौसाबाई पातेली एका लुगड्यात बांधत होत्या. नवरा गेल्यावर पंधरा वर्षं त्या घरात एकट्या, पण मजेत राहिलेल्या त्या बाई. आपल्या एका फोटोने त्यांचं घर सुटणार, हे हेमकांतला सोसवेना.

"चंदन, फोटो खरा शे, पन तो बिबट्या आठे नव्हता," तो म्हणाला. "मधमा सात पोल शेतस."

"फोटोमा एकच दिसस," चंदन म्हणाला. "दाराइतला उंच बिबट्या, अन् माय आठे एकली. माले सुरतमा झोप लागी का, भाऊ?"

त्यात खोटं काही नव्हतं. हेमकांत कौसाबाईंकडे वळला. "जिजी, तुम्ही कधी दखा त्याले?"

"नालामाइन जास-येस तो. ओटावर कधी उना नही," त्या म्हणाल्या. "पन फोटो काय खोटं बोली?"

"माले एक घंटा द्या. मंग गाठोडं बांधा."

त्याने कौसाबाईंना दारात उभं केलं आणि चंदनला सांगितलं, चालत जा, पोल मोजत जा, नाल्याजवळच्या शेवटच्या, बिबट्याच्या पोलाशी थांब. स्वतः फटफटीवरून वळसा घालून त्याच बांधावर गेला, हरभऱ्याची उशी मांडली आणि लेन्स सहाशेवर नेली. चंदनला यायला वेळ लागला. मध्ये कपाशी होती, पाटाचा चर होता, तोडलेल्या उसाची धसकटं होती. पोलाशी पोचल्यावर त्याने मागे वळून आईला हाक मारली. आईने कानाला हात लावून 'ऐकू येत नाही' अशी खूण केली. ती खूण हेमकांतला लेन्समधूनच दिसली. त्याने फोटो काढला आणि चंदनला बोलावून घेतलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर चंदन आपल्या घराच्या अंगणात उभा होता आणि त्याचं डोकं छपराच्या वर निघालं होतं. मागे दारात आई, त्याच्या कमरेलाही न पोचणारी. तो पोल, ते दार, सगळं बिबट्याच्या फोटोसारखंच, आणि पोलही एकच.

चंदन आधी खो खो हसला. "मी घरथाइन मोठा कधी व्हयना?" मग त्याने बिबट्याचा फोटो मागितला आणि दोन्ही फोटो पाळीपाळीने पाहिले. "पुरा सात पोल मोजात मी," तो हळू म्हणाला. "पाय दुखी गयात." परत पडदा पाहताना त्याचं हसू ओसरलं. आईच्या त्या एवढ्याशा आकृतीवर त्याने अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

वनरक्षक आदल्या दिवशीच येऊन माग पाहून गेला होता. ठसे नाल्याच्या काठाकाठाने होते, पहिल्या पोलाच्या पुढे घराकडे एकही नाही. कोंबड्या संध्याकाळी आत घ्या, अंगणात दिवा ठेवा, अंधारात एकट्या नाल्याकडे जाऊ नका, एवढं त्याने सांगितलं होतं. ते तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं. आता चंदनने ते हेमकांतकडून पुन्हा विचारून घेतलं आणि घरी पोचल्यावर आईला म्हणाला, "माय, तू आठेच ऱ्हाय."

हेमकांत ओट्यावर मटकन बसला. दोन दिवस छातीवर ठेवलेला दगड कोणी उचलावा तसं त्याला झालं. तो उगीचच हसायला लागला, आणि दिवा लावायचं काम तर त्याच्या हातचंच होतं. चंदनने शिडी धरली, हेमकांतने अंगणाच्या कोपऱ्यात नाल्याच्या दिशेने मोठा बल्ब लावला. कौसाबाईंनी तोवर पातेली चुलीपाशी नेली आणि तिघांसाठी भाकरी थापल्या.

जेवणं झाल्यावर त्यांनी तो दुसरा फोटो मागितला. डोळे बारीक करून पाहिला. आधी छपराच्या वर गेलेला मुलगा, मग दारातली स्वतः.

"माय, तू इतलीशी दिसस," चंदन म्हणाला.

"दूरथाइन दखं तं तशीच दिससू ना," कौसाबाई म्हणाल्या. रागाने नव्हे, सरळ.

चंदनने फोन काढून मार्केटमधल्या शेठला सांगितलं की चार दिवस येत नाही, आणि आईच्या शेजारी सरकून बसला.