अढीतली वाइन

“अजून कच्ची आहे,” असं म्हणून काका कपाटाचं दार हळूच लावून घ्यायचे. आत कुणी निजलंय की काय, असं नव्या पाहुण्याला वाटायचं.

हे आमचे लंडनमधल्या हॅरोचे शेजारी. मूळचे रत्नागिरीचे, तेव्हा हट्टाबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. एकुलत्या एक लेकीनं अकाउंटन्सी सोडून फ्रान्समधल्या एका जुन्या वाइन इस्टेटीवर नोकरी धरली आणि काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं तिथली रेड वाइनची बाटली पाठवली. निरोप काकूंकडे : “बाबांना सांग, ही बरीच वर्षं ठेवायची. मी आले की दोघं मिळून उघडू.”

ठेवून जे चांगलं होतं ते आंब्यासारखंच असणार, असं काकांनी ठरवून टाकलं. पेट शॉपमधून सशांचा पेंढा आणला आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या शेजारी, बाटलीची अढी घातली.

“काका, वाइन गार जागी ठेवतात म्हणे,” मी भीतभीत म्हणालो.

“अरे, गारठ्यात कधी काही पिकलंय का? इथले टोमॅटो बघ!”

दर रविवारी बाटली हुंगून कुशीवर वळवली जाई. लेकीचं नाव निघत नसे, बाटलीची काळजी मात्र चालू असे.

अखेर ती आली. काकांनी मलाही बोलावलं. तिच्यासमोर एकट्यानं बसायचा धीर नसावा. पेंढा बघताच ती काय ते समजली. बूच निघालं आणि खोलीभर शिळ्या आमसुलाच्या साराचा वास सुटला. तिनं शांतपणे घोट घेतला.

“पिकली?” इतक्या वर्षांत काका तिच्याशी बोलले तो हा पहिला शब्द.

“परफेक्ट, बाबा. इतकं जपून कुणीच ठेवत नाही.”

काकांनीही घोट घेतला, डोळे मिटले, “वा!” म्हणाले. बापलेकींनी गप्पा मारत बाटली संपवली. मला मिळालेल्या अर्ध्या ग्लासानं माझे दात दोन दिवस आंबले होते.

मला सोडायला काका दारापर्यंत आले. “नासकी होती रे,” हळूच म्हणाले. “तिला बोलू नकोस. हौसेनं पाठवली होती पोरीनं.”

काही वर्षांनी काका वारले, तेव्हा ती पुन्हा आली. त्या कपाटासमोर उभी राहून तिनं मला विचारलं, “बाबांना आवडली होती ना ती वाइन?”

“फार,” मी म्हणालो.