सुटली म्हणा, मावशी

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी राजूरच्या चांगुणाबाई घनसावंगीला निघाल्या. पिशवीत तिळगुळाचा डबा होता आणि फोन सकाळीच पूर्ण चार्ज केलेला होता. दुर्गाबाईंचा आवाज फोनमध्ये भरून घ्यायचा आणि त्यांचा मुलगा कल्याण याला पाठवायचा, एवढंच काम. कल्याण शांतिसेनेत, आफ्रिकेत दक्षिण सुदानमध्ये होता.

हे काम चांगुणाबाई आवडीनं करायच्या. उभा जन्म अंगणवाडीत गेलेला. निवृत्तीनंतर हातांना चैन पडेना. त्यांचा भाऊ शिवाजी एकेकाळी असाच शांतिसेनेत आफ्रिकेला गेला होता. परत आल्यावर म्हणाला होता, "आक्का, तुझ्या पत्रात बैल मेल्याचं वाचलं आन् चार दिवस घास गेला न्हाई. तिथून काही करता येत न्हाई ना." शिवाजी आता नाही, पण ते वाक्य त्यांच्या मनातून हललं नाही. त्यातूनच त्यांनी 'माहेर मंडळ' काढलं. जिल्ह्यातली जी पोरं परदेशी छावण्यांत होती, त्यांना मंडळातल्या बाया राख्या, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पापड पाठवायच्या. दर रविवारी चांगुणाबाईंच्या ओसरीवर जमून आवाज भरायच्या. कुणी ओवी म्हणायची, कुणी गावातल्या लग्नातली फजिती सांगायची. तिकडून पोरांची उत्तरं यायची: "मावशी, आज सारी बराक हसली."

मंडळाचा नियम एकच, दुखणंखुपणं तिकडं कळू द्यायचं नाही. मागच्या वर्षी चतुर्थीला चांगुणाबाईंनी जवानांच्या घरच्या बायांना राजूरच्या गणपतीसमोर उभं केलं, नारळ वाढवला आणि शब्द घेतला, "परदेशातल्या माणसाला रडू ऐकवायचं न्हाई." खोबऱ्याचा तुकडा एकेकीच्या हातावर त्यांनी स्वतः ठेवला. कल्याणची बायको शिवकन्या त्यात होती.

आता तीच शिवकन्या दारात उभी होती आणि बाजूला होत नव्हती.

"कळवायचं तर होतं मावशी. तुम्ही एकदम आल्या."

"तिळगूळ द्यायला कुणी सांगून येतं का? सासूबाई कुठं हायेत? मळ्यात?"

"झोपल्यात."

"मंग उठव. एवढ्या लांबून आले, आवाज भरल्याबिगर जायची न्हाई."

शिवकन्या बाजूला झाली.

आतल्या खोलीत खाटेवर दुर्गाबाई पडल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उजवा हात चादरीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. डोळे तेवढे जिवंत. चांगुणाबाईंना पाहून त्यांच्या घशातून आवाज निघाला, पण त्याचा शब्द झाला नाही.

चांगुणाबाईंच्या हातातला डबा हातातच राहिला. मागच्याच रविवारी शिवकन्येनं फोनवर पाठवलेला या बाईचा आवाज त्यांनी ऐकला होता. मंडळाच्या सगळ्या बायांनी ऐकला होता: "कल्याण, बाबा, पोटाला खात जा. माझी काळजी करू नको, मी बिलकुल ठणठणीत हाय." बाया कौतुकानं हसल्या होत्या. चांगुणाबाई म्हणाल्या होत्या, "अशी माय पायजे."

"हे कधी झालं?"

"दसऱ्यानंतर. धुणं धुताना पडल्या. डॉक्टर म्हणले, दुसरा झटका आला तर सांगता येणार न्हाई."

"मंग तो आवाज?"

"पोळ्याचा हाय," शिवकन्या म्हणाली. "तेव्हा भरून ठेवला होता. दिवाळीला तोच पाठवला. नंतर थोडा पुढून कापून पाठवला. मंग मागून कापून."

"आन् तो फोन करतो तेव्हा?"

"आई मळ्यात गेल्या म्हणते. झोपल्या म्हणते. तिकडं व्हिडिओ तर उघडतच न्हाई. गावातल्या लोकायला हात जोडून सांगितलं, कुणी काही बोलू नका."

चांगुणाबाई खाटेच्या कडेला बसल्या. त्यांच्या तोंडून गेलं, "अगं पोरी, आई हाय ती त्याची. तू त्याला सांगितलं न्हाई?"

शिवकन्येनं त्यांच्याकडं असं पाहिलं की मारलं असतं तर परवडलं असतं.

"तुम्ही नारळ वाढवला होता, मावशी. खोबरं तुमच्याच हातून खाल्लं मी. शब्द मोडला आन् तिकडं त्यायला काही झालं तर? इकडं ह्या अशा, तिकडं ते. मी कोणाला धरू?"

बाहेर उसाचा ट्रॅक्टर गाणं लावून गेला. इतकी वर्षं लहान लेकरांना 'खरं बोलावं' शिकवलेली बाई त्या खाटेवर बसून स्वतःच्याच हाताकडं बघत होती. याच हातानं खोबरं वाटलं होतं.

शिवकन्या खाली बसली. हळूच म्हणाली, "तुम्ही घातली, तुम्हीच सोडवू शकता. सुटली म्हणा, मावशी."

लहानपणी पोरं एकमेकांना शपथ घालतात आणि नंतर 'सुटली म्हण, सुटली म्हण' करत मागं लागतात. चांगुणाबाईंनी हजारदा ऐकलेलं. ते दोन शब्द इतके जड असतील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"सुटली," त्या म्हणाल्या. "गणपतीच्या साक्षीनं सुटली. काही व्हायचंच असंल तर ते माझ्यावर येऊ दे."

तेव्हा कुठं शिवकन्या रडली. दसऱ्यापासूनचं रडली.

फोन चांगुणाबाईंनी हातात घेतला. दर रविवारी घडाघडा बोलणाऱ्या त्या बाईला सुरुवात सापडेना. दोनदा बोलून पुसलं. शेवटी म्हणाल्या, "कल्याण, मी राजूरची चांगुणामावशी. तुझी आई दसऱ्यानंतर पडली. उजवं अंग गेलंय, बोलता येत न्हाई. जित्ती हाय. तुझ्या बायकोचा दोष न्हाई, मी तिचा शब्द घेतला होता. तुला येता येत असंल तर जल्दी ये."

निरोप गेला. मग वाट पाहणं. शिवकन्येनं चहा केला, तो तसाच गार झाला. दुर्गाबाई डाव्या हातानं पदराची कड चाळवत होत्या. चांगुणाबाईंच्या मनात येत होतं, आता तिकडं पोरगं कोसळणार. शिवाजीला बैलाचं सोसलं नव्हतं. ही तर आई.

दुपार कलल्यावर उत्तर आलं. शिवकन्येनं फोन खाटेवर मधोमध ठेवला.

"मावशी," कल्याणचा आवाज घोगरा होता. "जित्ती हाय म्हणता? खरं सांगता ना? दिवाळीला आईचा आवाज आला. 'पोटाला' म्हणल्यावर मागं घुंगरमाळ वाजली. मंग पुन्हा आवाज आला, पुन्हा तिथंच वाजली. पोळा झाल्यावर बैलाला कोण घुंगरमाळ घालतं? मला वाटलं आई गेली, म्हणून जुना आवाज पाठवून राह्यलेत."

शिवकन्येनं तोंडावर हात ठेवला.

"मी इचारलं न्हाई. सुट्टीवर आल्तो तेव्हा हिनं नारळाचं सांगितलं होतं. इचारलं असतं तर तिनं एक तर खोटं बोलायचं, न्हाई तर शब्द मोडायचा. म्हणून गप बसलो. इथं डोकं भादरलं. सोबतच्या पोरायला म्हणलं, गरम होतंय. तुमच्या रविवारच्या गमती ऐकून ते हसायचे, मी बी हसायचो. एक दिवस आईच्या नावानं भात ठेवला कावळ्याला. इथला कावळा पांढऱ्या छातीचा असतो. जवळ आला, बघितलं, पण शिवला न्हाई. म्हणलं, आईचा जीव माझ्यात अडकला. रोज ठेवून राह्यलो, रोज न्हाई शिवला. साहेबाकडं चाललोय आता. येतो मी."

निरोप संपला तरी तिघी फोनकडं,  त्याच्याकडंच बघत होत्या. जित्या आईच्या नावानं समुद्रापलीकडं पिंड ठेवले जात होते आणि इकडं ओसरीवर बाया म्हणत होत्या, पोरगं खुशीत आहे.

खाटेवरून आवाज आला. दोघी दचकून वळल्या. झटका आला असंच वाटलं. पण दुर्गाबाईंचं तोंड चांगल्या बाजूनं वर गेलं होतं, डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि डावा हात खाटेवर थाप मारत होता. त्या हसत होत्या.

"कावळा हुशार निघाला म्हणतायत," शिवकन्या म्हणाली आणि तिलाही हसू फुटलं. चांगुणाबाईंना ते जमलं नाही.

कल्याण आला तेव्हा आई होती. त्याच्या डोक्यावरचे केस बोटभरही वाढले नव्हते. शिवकन्येनं फोनवर सांगितलं, आईनं त्याच्या डोक्यावरून डावा हात फिरवला तो काढेचना. खुंट टोचत होते तरी.

पुढच्या रविवारी ओसरीवर बाया जमल्या. चांगुणाबाईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग एकेकीचं नाव घेऊन 'सुटली' म्हणाल्या.

"मंग आता बोलायचं काय?" उषाबाईंनी विचारलं. त्यांचा लेक लेबनॉनला होता.

"घरात काय झालं ते."

उषाबाईंनी फोन तोंडाजवळ धरला. "बाळा, म्हैस मेली रे आपली," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. चांगुणाबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली, पण पदराचं टोक हातात घट्ट आवळलेलं होतं.

"बाकी आम्ही सगळे हावोत," उषाबाई पुढं म्हणाल्या. "वाटलं तर तुझ्या बापाला फोन लाव. ते जेवले न्हाईत आज."